एकेचाळीस हेक्टर

चिचबोडीच्या तलावाची रेघ एकवीस हेक्टर आत दाखवली, तर इसरू मांढरेला काय मिळणार होतं? मासेमारीचा ठेका हेक्टरी साडेचारशे. एकवीस हेक्टरांचे झाले नऊ हजार चारशे पन्नास. संस्थेच्या चोपन्न सभासदांत वाटले, तर माणशी एकशे पंच्याहत्तर रुपये. वर्षाचे. एवढ्यात जाळ्याचा धागा पुरता येत नाही.

पण इसरूचा हिशेब नुसता रुपयांचा नव्हता. तलाव तुडुंब भरला की बासष्ट हेक्टर पसरायचा. कागदावर एकेचाळीस. इसरूच्या बापानं कोण्या साहेबाला कोंबडा कापून जेवू घातलं आणि हा आकडा लिहवून घेतला. तेव्हापासून ढिवरांच्या त्या मच्छीमार संस्थेत अध्यक्षाची लायकी एकाच गोष्टीवर ठरत आली होती : एकेचाळीसचे बेचाळीस होऊ दिले की नाही. मधल्या काळात एक अध्यक्ष दारूत गेला, दुसऱ्यानं मत्स्यबीजाचे पैसे खाल्ले. दोघांचेही फोटो संस्थेच्या भिंतीवर हार घालून लावलेले आहेत, कारण एकेचाळीस त्यांनी हलू दिले नाहीत. इसरू अकरा वर्षं अध्यक्ष होता. भिंतीवर तिसऱ्या खिळ्याची जागा त्यानं मनाशी पाहून ठेवली होती.

एप्रिलात माप घेणारा आला. पाणी मोजायला माणसं नेहमी उन्हाळ्यातच येतात. पावसाळ्यात त्यांना रस्ता सापडत नाही. हा प्रफुल नावाचा तिशीतला गडी, एका एजन्सीचा, मोटारसायकलला मागं एक लांब काठी बांधून आलेला. काठीच्या टोकाला पांढरी टोपी घातल्यासारखं यंत्र, हातात टॅब. संस्थेच्या ओसरीत त्यानं एका दमात तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

“भाऊ, तलाव पुरा भरला का पाणी कुठवर येते, ते तुम्ही दाखवाचं. तुम्ही पुढं, मी मागं. यंत्र आपोआप रेघ ओढते.”

“कायच्यासाठी?”

“पाणथळ जागा वाचवाच्या हायेत. त्याईच्या हद्दी पक्क्या करून राह्यलो.”

वाचवायला आलेला सरकारी माणूस इसरूनं पहिल्यांदा पाहिला नव्हता. वाचवायला कोणी आलं की आपल्याला काहीतरी भरावं लागतं, हा त्याचा अनुभव.

“अन् हे माप जाईन कुठी?”

“वर जाईन.”

“वर म्हंजे? ठेक्याच्या हापिसात बी?”

“आता सारं ऑनलाईन हाय ना भाऊ. एका जागी चढवलं का सगळ्याईले दिसते.”

इसरूनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि उठला. जे काय ठरवायचं होतं, ते दुपट्ट्याच्या दोन वेढ्यांत ठरून गेलं.

उन्हानं तलाव मधोमध गोळा झाला होता. भोवतीच्या गाळाला पाऊलभर रुंद भेगा पडल्या होत्या. भेगेत पाय गेला की घोटा मुरगळायचा. प्रफुलचा दोनदा मुरगळला. इसरू अनवाणी चालत होता. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या टाचा गाळासारख्याच फाटलेल्या होत्या, त्यांना भेगांचं काही वाटत नव्हतं. तो बेशरमाच्या झुडपांच्या बऱ्याच आतून, मोकळ्या गाळातून चालला. अगदी पाण्याजवळून नाही. तेवढी अक्कल त्याला होती. खोटी रेघ कुठून चालली म्हणजे खरी वाटते, हे बापानं त्याला हाताला धरून शिकवलं होतं.

वरच्या अंगाला, जिथं आश्विनात देवधान उभं राहतं, तिथं सोमारी लोखंडी सब्बलीनं कमळाचे कांदे काढत होती. सोमारी गोंडांच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली, विधवा. देवधान न नांगरता, न पेरता पाण्यात आपोआप येतं, म्हणून उपासाला चालतं. मूल गावच्या बाजारात त्याला साध्या तांदळाच्या तिप्पट भाव. ते सारं वरच्या उथळ पाण्यातच येतं, अन् टोलीतल्या सात-आठ बायांचं वर्षाचं तेल-मीठ त्यावर चालतं. ती कंबर धरून उभी राहिली.

“इसरूभाऊ! खालून कुठी चालले गा? पाणी तं वरच्या जांभळीच्या झाडापावेतो येते.”

“तू कांदे काढ वो बाई. तलावाचं मी पाह्यतो.”

“पाहा ना. पण जांभळी तिकडं हाय.”

प्रफुल थांबला. “काकी काय म्हणून राहिल्या?”

इसरूनं आवाज खाली घेतला. पण सुकलेल्या तलावात आवाज खाली घेता येत नाही; तो गाळावरून घसरत सगळीकडे जातो.

“बाईचं डोकसं जरा हललेलं हाय. नवरा मेला तवापासून.”

नवरा मेला त्याला बारा वर्षं झाली होती. तेवढ्यात सोमारीनं दोन पोरी उजवल्या, घरावरचे कवेलू बदलले, आणि कोणाचा रुपया ठेवला नाही. गावात डोकं ठिकाणावर असलेल्यांची यादी केली, तर ती वरच्या चार-पाचांत आली असती. इसरू त्या यादीत आला असता की नाही, सांगता येत नाही.

तिनं ऐकलं. आधी पदर डोक्यावरून नीट घेतला, कारण वेड्या बाईचा पदर नीट नसतो. मग पुन्हा वाकली आणि सब्बल मारली. प्रफुलनं टॅबवर बोटं चालवली.

पुढं एका जागी तो पुन्हा थांबला. बूट अडकला होता शिंपल्यांत. “भाऊ, हे पाहा. इथंच नाई, तिकडं वर बी शिंपल्या पडल्या हायेत. त्या तुमच्या रेघीच्या भायेर.”

“बगळे नेऊन टाकते.”

“एवढ्या?”

“बगळे बी लय हायेत ना इथी.”

प्रफुल हसला. ऊन मानेवर चढलं होतं. वरून चालायचं तर अर्धा कोस जास्त पडला असता आणि त्याला संध्याकाळपर्यंत आणखी दोन तलाव उरकायचे होते. बगळ्यांवर विश्वास ठेवण्यात त्याचाही फायदा होता.

ओसरीत येऊन इसरूनं टॅबच्या काचेवर बोटानं सही केली. सही नागमोडी आली. प्रफुल म्हणाला, चालते. आकडा आला एकेचाळीस पूर्णांक काहीतरी. इसरूनं पूर्णांकाच्या पुढचं विचारलंही नाही.

त्या दिवशी ओसरीत चहा झाला. सभासद येऊन इसरूची पाठ थोपटून गेले. उपाध्यक्ष गुलाब म्हणाला, “मशीन आली तरी एकेचाळीसच! तुह्या बापानं सायबाले गंडवलं, तू मशीनले.” सगळे हसले. इसरू हसला नाही. मोठी माणसं अशा वेळी हसत नाहीत, हे त्याला माहीत होतं.

घरी बायको कमला अंगणात जाळं सांधत बसली होती. त्याच्याकडं न पाहता म्हणाली, “सोमारीले येडी म्हणलं का तुम्ही?”

“कोणं सांगतलं?”

“ज्यानं ऐकलं त्यानं.”

“त्या टायमाले म्हणाव लागते. ती जांभळी-जांभळी करून राहिली होती.”

“आपल्या नूतनच्या बायतपणात तिनं बावीस दिस पोरीचं आंग चोळलं. तवा येडी नव्हती?”

“अव, कागदापुरतं म्हणलो. गावात कोणी म्हणलं का तिले? कागद कोरडा असते, तलाव वला असते. कागदावर काही बी लिहा, पाणी याचं तिथी येतेच.”

कमलानं दातानं धागा तोडला. “तलावाचं खरं असन. बाईचं मले नाई वाटत तसं.”

त्या वर्षी पाऊस बरा झाला. पाणी जांभळीला लागलं. इसरू मुद्दाम जाऊन ते पाहून आला आणि परत येताना कमलाला म्हणाला, “पाह्यलं? कागदानं काही झालं का पाण्याले?”

आश्विनात बाया टोपल्या घेऊन देवधान झाडायला पाण्यात उतरल्या, तेव्हा त्यांना खुंट्या दिसल्या. लाल रंग दिलेल्या, पाण्यातून वीतभर वर आलेल्या. कोणी डोंग्यातून ठोकून गेलं होतं. आठ दिवसांत बातमी आली : गडचिरोलीकडून खनिजाचे ट्रक येतात, ते रेल्वेला भरायला इथं यार्ड होणार. तलावाच्या वरच्या अंगाला एकवीस हेक्टर सरकारी पडीत जागा आहे, ती कंपनीला दिली.

पडीत म्हटल्यावर गाव हसलं. मग हसायचं थांबलं.

हरकत घेण्यासाठी हरिदास पुढं झाला. हरिदास बौद्ध वस्तीतला, तलावाच्या नहराच्या अगदी शेपटाला त्याची दीड एकर धानाची बांधी. शेपटाला पाणी शेवटी पोचतं, म्हणून तलावात पाणी किती, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं. तो इसरूला घेऊन तालुक्याला गेला. इसरू नको म्हणू शकला नाही. तलावाचा अध्यक्षच आला नाही, असं कसं दिसेल?

कार्यालयात बाबूनं नकाशा टेबलावर पसरला. तलाव निळा, भोवती जाड रेघ. खाली बारीक अक्षरात मजकूर. हरिदासनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, त्याला मनातल्या मनात वाचायची सवय नव्हती :

“‘कमाल जलरेषा स्थानिक मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष श्री. इसरू मांढरे यांनी प्रत्यक्ष चालून दाखविल्याप्रमाणे. रेषेबाहेरील क्षेत्र पाणथळ नाही.’”

मग त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि सही पाहिली. नागमोडी असली तरी ओळखू येत होती.

“भाऊ, हे तुमची हाय ना?”

इसरू पंख्याकडं पाहत होता. पंखा बंद होता.

परत येताना बसमध्ये हरिदासनं त्याच्यासाठी जागा धरली, खिडकीची. तिकीटही काढलं. इसरूला वाटलं, यानं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सिंदेवाहीच्या फाट्यावर हरिदास एवढंच म्हणाला, “ठेक्यापायी केलं ना?” इसरूनं मान हलवली. “माणशी किती वाचत होते?” इसरूनं सांगितलं. हरिदासनं तो आकडा ऐकला आणि हातातल्या तिकिटांवरचा आकडा पाहिला.

मार्गशीर्षात साहेब जागेवर सुनावणीला आले. जांभळीखाली टेबल, दोन खुर्च्या, चहाचा थर्मास. गाव गोळा झालं. संस्थेचे सभासद एकीकडं, बांधीवाले शेतकरी एकीकडं, टोलीतल्या बाया मागं, उभ्या. पाणी ओसरून खाली गेलं होतं, पण खोडावर ओलीची पांढुरकी खूण होती. माणसाच्या मांडीएवढ्या उंचीवर.

हरिदास म्हणाला, “साहेब, खुणेकडं पाहा. पाणी इथवर येते. ह्या बाईले इचारा. ती दरसाल इथी पाण्यात उतरून देवधान झाडते.”

सोमारी पुढं आली. जांभळीपासून दहा पावलं खाली जाऊन उभी राहिली आणि हाताचा तळवा कमरेला आडवा लावला. “इथी एवढं. आश्विनात. तिकडं छातीएवढं. त्याच्या पलीकडं मी जात नाई, पाय लागत नाई.”

साहेबांनी फाईल चाळली. एका पानावर बोट ठेवलं. आवाज त्यांचा वाईट नव्हता, थोडा ओशाळलेलाच होता. “यांच्याबद्दल इथे शेरा आहे. ‘स्थळावर हरकत घेणारी महिला मानसिक दृष्ट्या स्थिर नाही. माहिती : संस्थेचे अध्यक्ष.’”

बायांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. सोमारीचा हात अजून कमरेलाच होता.

“अध्यक्ष कोण आहेत?”

इसरू उठला. पाठीमागून गुलाब खालच्या आवाजात म्हणाला, “भाऊ, सांभाळून. खोटं दाखवलं म्हणसान तं अकरा वर्साचा फरक काढतीन. ठेका बी जाईन.” आणि त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक धरून ठेवलं. चोपन्न माणसं मागं बसली होती, पण सदरा एकानंच धरला होता. बाकीच्यांनी नुसतं पाहिलं.

“ही बाई ठीक आहे का?” साहेबांनी विचारलं.

“ठीक हाये साहेब,” इसरू म्हणाला. “एकदम ठीक हाये.”

सोमारीनं वळून पाहिलं.

“मग पाणी कुठपर्यंत येतं म्हणते, ते बरोबर?”

एवढंच विचारलं होतं. हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. इसरूच्या ओठावर ते आलं होतं, गर्दीत उभ्या कमलानं ते पाहिलं. सदऱ्याला मागून एक झटका बसला, कपडा ओढल्यासारखा, फार जोराचा नाही.

“बाई ठीक हाये,” तो म्हणाला. “पण तिले मापातलं समजत नाई.”

साहेबांनी लिहून घेतलं. वेडेपणाचा शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडला, बाजूला सही केली. तेवढा न्याय त्या दिवशी झाला. रेघ राहिली तिथंच राहिली.

सोमारीनं कमरेवरचा हात काढला. “मले माप समजत नाई,” ती बायांना म्हणाली, जसं कोणी परगावच्या माणसाचा निरोप सांगावा. एक बाई हसली. नंतर सगळ्याच हसल्या आणि हसत हसत टोलीकडं निघाल्या. ते हसू ऐकत बसणं इसरूला चोपन्न जणांच्या शिव्यांपेक्षा जड गेलं. पण शिव्या घालायला कोणी आलंच नाही. सभासद त्याला भेटून गेले. गुलाबनं पाणी आणून दिलं. “बराबर सांभाळलं भाऊ,” म्हणाला.

हरिदास सगळ्यांत शेवटी आला. “एक इचारतो. सोमारी ना आमच्या वस्तीतली, ना तुमच्या. म्हणून तिले बाजूले सारणं सोपं गेलं का?”

हरिदास उत्तरासाठी थांबला नाही. त्याला पाटाचं पाणी फिरवायचं होतं.

पौषात टिप्पर सुरू झाले. दिवसाला साठ-सत्तर खेपा. मुरूम टाकायचे, वर रोलर फिरायचा. देवधानाची खोडं मुरमाखाली जाताना काही आवाज होत नाही. एक पाणकोंबडी मात्र तीन दिवस मुरमाच्या काठानं येरझारा घालत राहिली, मग दिसेनाशी झाली. लाल धूळ उडायला लागली, ती कमलाच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर, कण्यांवर, पाण्याच्या गुंडावर बसायची. कमला रोज गुंडावर फडकं बांधायची आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलायची.

आषाढात मासे चढणीला लागले. अंड्यांनी पोटं फुगलेले मासे दरसाल वरच्या उथळ पाण्यात, देवधानाच्या गवतात अंडी घालायला चढत. ते चढले आणि मुरमाच्या भिंतीला येऊन धडकले. भिंतीच्या पायाशी खळखळाट झाला. मासे उड्या मारत, पाठीवर पडत, पुन्हा मारत. चोपन्न सभासद टोपल्या घेऊन धावले. जाळं लागलंच नाही, हातानं उचलायचे. त्या दिवशी घरोघरी अंड्यांचं कालवण झालं. कोणी म्हणालं, यार्डाचा असा बी फायदा हाय. इसरूनं टोपली उचलली नाही. पण घरी कालवण आलं, शेजाऱ्यांनी वाटीत घालून पाठवलं, आणि त्यानं खाल्लं.

दिवाळीनंतर जाळी टाकली, ती रिकामी आली. पुन्हा टाकली. झिंगे, दोन-चार बोटाएवढे मासे, बेशरमाच्या काड्या. ढिवर पोरं गवंड्याच्या हाताखाली घुग्घुसकडं कामाला गेली. हरिदासच्या बांधीला शेवटचं पाणी पोचलं नाही. धान लोंबीत असतानाच पांढरं पडलं. त्यानं ते गुरांना कापून घातलं. इसरू दिसला की तो अजूनही रामराम न करता जयभीम घालायचा, पूर्वीसारखाच; फक्त थांबायचा नाही.

त्यानंतरच्या महिन्यात एका सकाळी इसरूच्या गळाला मरळ लागली. काळीभोर, हातभर. त्या मोसमातली पहिलीच. कमलानं ती पाहिली, पळसाच्या पानात बांधली, आणि त्याच्या हातात देऊन म्हणाली, “घरात नाई खाणार मी हे. जा, नेऊन द्या तिले.”

टोलीतली वाट त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढी हळू चालली. सोमारी दारात पाय धूत होती. ती आता दुसऱ्यांच्या धानकापणीला जात होती. विळ्यानं करंगळी कापली गेली होती, तिला चिंधी बांधलेली.

“मरळ आणली,” इसरू म्हणाला. “कमलानं पाठवली.” निदान हे तरी खरं होतं.

सोमारीनं पान सोडलं, मासा शेपटीकडून उचलून हातावर तोलला. “पाऊण किलो.”

“असन.”

“असन काय, हाये. भाव काय चालू हाये आता? चारशे?”

“बाई, भावाचं काय काढून राहिली तू? मी...” पुढचं त्याला येईना. येताना सारी वाट त्यानं जे वाक्य घोकलं होतं, ते टोलीच्या वळणावरच कुठंतरी पडलं होतं. “मी तवा जे बोललो ना—”

“थांबा जरा.”

ती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं शंभराच्या तीन नोटा त्याच्यापुढं धरल्या. नोटा घडीच्या होत्या, धानाच्या कोंड्याचा वास असलेल्या. कापणीची दीड दिवसाची मजुरी.

“मी पैशे घ्यायले नाई आलो.”

“ठाऊक हाये कायले आले ते. घ्या.” तिचा आवाज चढला नव्हता. “फुकट खाल्ली तं मंग मले काही आयकून घ्याव लागन. मले नाई आयकाचं भाऊ.”

तिचा हात पुढंच राहिला. शेजारच्या ओसरीतल्या बाया पाहत होत्या. इसरूनं नोटा घेतल्या. त्या कुठं ठेवाव्यात, हे त्याला कळेना. शेवटी त्यानं त्या मुठीतच धरल्या. सोमारी पाट ओढून मासा साफ करायला बसली.

ठेका त्या वर्षीही भरला गेला, एकेचाळीस हेक्टरांचा, वेळेवर. कंपनीनं यार्डाचं नाममात्र भाडं भरलं. हरिदासनं दीड एकराचं धान भरलं. मरळ पाऊण किलो, तीनशे रुपये : ते सोमारीनं भरले.